क्रेट उघडण्याचे पैसे

जुलै २०२०. टाळेबंदीमुळे शाळा फोनवर आल्या होत्या. चंदीगडजवळच्या, पण पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात मोडणाऱ्या खरडमधली एक बातमी तेव्हा देशभर छापून आली. सतरा वर्षांच्या एका मुलाने ‘पबजी मोबाइल’ या खेळात घरच्यांच्या तीन खात्यांतले मिळून १६ लाख रुपये उडवले होते. पैसे वडिलांच्या औषधपाण्यासाठी राखलेले. मुलगा फोनवर अभ्यास करतोय, अशी घरच्यांची समजूत. बँकेचे मेसेज तो पुसून टाकायचा, एका खात्यात खडखडाट दिसू नये म्हणून दुसऱ्यातून पैसे वळवायचा. खात्याचे उतारे हाती आले तेव्हा उलगडा झाला, आणि वडिलांनी त्याला स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लावलं.

दोन महिन्यांनी, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षिततेचं आणि वापरकर्त्यांच्या माहितीचं. आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा. त्या खेळात पैसे घेऊन नेमकं काय विकलं जातं, हा प्रश्न बंदीच्या आदेशात कुठेच नव्हता. पुढच्या वर्षी, २ जुलै २०२१ ला, तोच खेळ दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे ‘बीजीएमआय’ या नावाने परत आणला. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा, अशी त्याची जाहिरात झाली. ७,००० रुपये दिवसाला म्हणजे महिन्याला २ लाख १० हजार. ही मर्यादा कोणत्या घरातलं मूल डोळ्यांपुढे ठेवून आखली असेल?

असो. मुळात या खेळांतल्या दुकानात काय विकतात ते आधी पाहू, कारण कायद्याची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

खेळ फुकट उतरवता येतो, फुकट खेळताही येतो. बंदुकीची गोळी फुकटवाल्याची आणि पैसेवाल्याची जवळपास सारखीच लागते. पैसे लागतात ते नटण्याला: कपडे, गाड्यांचे रंग, बंदुकीची ‘स्किन’. त्यातही काही स्किन अशा की लॉबीत मित्रांनी पाहिल्या की नाव निघतं. पबजीच्या पोरांना ‘एम फोर वन सिक्स’ या बंदुकीची बर्फाळ निळी ‘ग्लेशिअर’ स्किन विचारून पाहा, चेहरा उजळेल. ही स्किन अमुक रुपयांना अशी दुकानात टांगलेली नव्हती. ती ‘क्रेट’मध्ये होती. इंग्रजी जगात ज्याला लूट बॉक्स म्हणतात तो हाच प्रकार. आपल्याकडची पोरं ‘क्रेट ओपनिंग’ म्हणतात, आणि यूट्यूबवर त्याचे तासन् तास चालणारे व्हिडिओ आहेत.

आता एक क्रेट सावकाश उघडू. आधी रुपये देऊन ‘यूसी’ घ्यायचं. हे खेळातलं चलन. फ्री फायरमध्ये त्याला ‘डायमंड’ म्हणतात, दुसऱ्या खेळात आणखी काही. यूसीची पाकिटं ठरावीक आकड्यांची असतात आणि क्रेटची किंमत त्यांना सहसा बरोबर भागत नाही. थोडं यूसी उरतं, ते वाया जाऊ नये म्हणून पुढचं पाकीट घेतलं जातं. शिवाय एकदा रुपयाचं यूसी झालं की खर्च रुपयात दिसत नाही. पडद्यावर ६० कमी झाले, एवढंच कळतं. मग क्रेटवर बोट टेकवायचं. पेटी थरथरते, फटीतून उजेड येतो, सोनेरी की जांभळा यावर जीव टांगणीला लागतो, आणि वस्तू बाहेर पडते. बहुतेक वेळा साधीच. कधी आधीच असलेली, मग तिचे तुकडे करून भंगारात काढायची सोय. लगेच खाली दोन बटणं: ‘एक उघडा’, ‘दहा उघडा’. दहावर थोडी सूट.

उजेड आणि थरथर हे निव्वळ नाटक आहे. बोट टेकवलं त्या क्षणी कंपनीच्या सर्व्हरवर एक यादृच्छिक आकडा निघतो आणि काय मिळणार ते तिथेच ठरतं. पुढचे काही सेकंद फक्त ते उलगडून दाखवण्यासाठी असतात. बक्षीस दर वेळी न देता मधूनच, कधी ते न कळता दिलं, तर माणूस किंवा कबुतर सर्वात चिकाटीने बटण दाबत राहतं, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दाखवून दिलं त्याला अनेक दशकं झाली. कॅसिनोतलं स्लॉट मशीन त्यावरच चालतं.

आणि आता गणित. समजा हवी ती वस्तू मिळण्याची शक्यता १ टक्का आहे. साधारण समज असा की शंभर क्रेट उघडले की एकदा तरी मिळणारच. तसं नसतं. शंभर क्रेट उघडूनही ती न मिळण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के उरते. दोनशे उघडल्यावरही शंभरातले तेरा जण रिकामे. तीनशेनंतरही पाच जण. प्रत्येक क्रेट मागचं सगळं विसरलेलं असतं. ‘आता इतके उघडले, आता निघेलच’ हा हिशेब फक्त आपल्या डोक्यात चालू असतो.

खरे आकडे हवेत तर ‘काउंटर स्ट्राइक’ या खेळाचे घ्या. चीनने १ मे २०१७ पासून कंपन्यांना अशा पेट्यांमधली शक्यता जाहीर करायला भाग पाडलं, म्हणून ते जगाला कळले. शंभरातल्या जवळपास ८० पेट्यांतून सर्वात खालच्या दर्जाची वस्तू निघते. ज्याच्यासाठी सगळा आटापिटा, तो चाकू किंवा हातमोजे निघण्याची शक्यता ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ पेट्या. पेटी उघडायची किल्ली २.४९ डॉलरला, तेव्हा एका चाकूमागे सरासरी साडेनऊशे डॉलरच्या वर जातात, आणि तो चाकूही कुठला निघेल ते पुन्हा नशिबावर.

काही कंपन्यांनी यावर तोडगा काढला तो ‘पिटी’चा, म्हणजे दयेचा. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात पंचतारांकित वस्तूची शक्यता दर खेपेला ०.६ टक्के, पण ९० खेपांत एक तरी मिळणारच, अशी हमी. वरवर खेळाडूच्या भल्याचं. पण साठाव्या खेपेला थांबलेल्या माणसाला ही हमीच उठू देत नाही, कारण थांबला तर आधीचे साठही पाण्यात. दया दाखवायची पद्धत भारी आहे.

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे. आम्ही रिकामी पेटी कधीच देत नाही, काहीतरी मिळतंच, मग हरण्याचा प्रश्न कुठे येतो? लहानपणी च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, तेंडुलकर हवा असायचा आणि भलताच कुणी निघायचा. तो जुगार होता का? ही तुलना मलाही काही काळ पटली होती. पण ते च्युइंगगम घ्यायला दुकानापर्यंत जावं लागायचं, खिशातले सुटे पैसे संपले की विषय संपायचा, रात्री दुकान बंद व्हायचं, आणि दुकानदार आपण किती वाजता कंटाळतो याची नोंद ठेवत नव्हता. खेळाकडे ही सगळी नोंद असते, आणि बँकेचं खातं जोडलेलं असेल तर सुटे पैसे संपतच नाहीत. २०१८ मध्ये डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी सात हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी करून दाखवलं की जुगाराची समस्या जितकी तीव्र, तितका लूट बॉक्सवरचा खर्च जास्त. कशामुळे काय होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पेट्यांमुळे जुगाराची सवय लागत असेल, किंवा सवय असलेले पेट्यांकडे ओढले जात असतील. दुसरं खरं धरलं तरी धंद्याची मोठी कमाई आजारी माणसाच्या खिशातून होते, एवढं उरतंच.

आता कायद्याकडे. जुगार ठरायला तीन गोष्टी लागतात, हे जगभरच्या कायद्यांत थोड्याफार फरकाने सारखं आहे: काहीतरी पणाला लावलेलं असावं, निकाल नशिबावर असावा, आणि जिंकलेल्याला मोल असावं. क्रेटमध्ये पहिली गोष्ट आहे. दुसरी तर शंभर टक्के आहे, कौशल्याचा लवलेश नाही. वाद आहे तो तिसरीवर. आपल्याकडे मात्र गेली पन्नास-साठ वर्षं सगळी भांडणं दुसरीवर झाली, आणि त्यातला एक मोठा निकाल चंदीगडचा आहे.

चंदीगडला लागू असलेला सार्वजनिक जुगार कायदा १८६७ चा. त्याच्या नजरेसमोर जुगाराचा अड्डा आहे: घर, भिंतींनी वेढलेली जागा, आत पत्ते, फासे, आणि त्यावर नफा कमावणारा मालक. मूळ कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आत सापडणाऱ्याला १०० रुपये किंवा एक महिना. कलम १२ म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. याच कलमाच्या फटीतून पुढचं सगळं वाहत आलं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि तीन पत्तीला नशिबाचा. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या बाजूला गेल्या.

मग आली ड्रीम इलेव्हन. मुंबईची कंपनी. खऱ्या सामन्यातले अकरा खेळाडू निवडायचे, पैसे भरून स्पर्धेत उतरायचं, खेळाडूंच्या कामगिरीवर गुण. त्यात पैसे हरलेला एक जण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला आणि हा १८६७ च्या कायद्याखालचा जुगार आहे, चंदीगड प्रशासनाने कारवाई करावी, अशी मागणी केली. ल कॉर्बुझिएने आखलेल्या कॅपिटॉल संकुलातल्या त्या इमारतीत १८ एप्रिल २०१७ रोजी न्या. अमित रावल यांनी याचिका फेटाळली. संघ निवडण्यात ज्ञान, अंदाज, सारासार विचार लागतो; कौशल्याचं पारडं जड आहे; म्हणून हा जुगार नाही, तर घटनेच्या कलम १९(१)(छ) चं संरक्षण असलेला व्यवसाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी १५ सप्टेंबरला पुढची याचिकाही फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी याच वाटेने निकाल दिला. २०२० मध्ये ड्रीम इलेव्हन आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली होती. खरडच्या बातमीचंही तेच वर्ष.

त्या निकालाच्या बऱ्यावाईटात शिरत नाही. मला खटकतं ते वेगळंच. कौशल्य की नशीब या एकाच प्रश्नावर इतकी शक्ती खर्च झाली की जिथे उत्तर निर्विवादपणे ‘नशीब’ असं आहे, त्या क्रेटला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कारण क्रेटमधून रोकड निघत नाही. रंग निघतो. कायद्याला रंग हे बक्षीस वाटत नव्हतं.

त्यात सीमांचा घोळ. पैज आणि जुगार हा विषय घटनेच्या राज्यसूचीतला, नोंद ३४. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला ही तीन शहरं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की रिक्षावाल्यालाही हद्द कळत नाही. पण चंदीगड केंद्रशासित, मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात, आणि हरियाणाने २०२५ मध्ये स्वतःचा वेगळा जुगारविरोधी कायदा केला. मुलगा खरडला झोपतो, चंदीगडला शिकतो, सुट्टीत पंचकुल्याच्या मावसभावाकडे जातो. सर्व्हर भलतीकडेच. कुठल्या भिंतींआडचा अड्डा शोधायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या संवर्धन व नियमनाचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. इतक्या घाईने की अनेकांना मसुदा वाचायला मिळाला तो मंजूर झाल्यावरच. या कायद्याने कौशल्य-नशिबाचा जुना वाद एका फटक्यात निकाली काढला: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे भरून जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जात असेल तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’, आणि त्याला बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. कायद्याला आव्हानं दिली गेली आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

आपल्याला व्याख्या नीट वाचायला हवी. खेळणारा फी भरतो, पैसे ठेवतो किंवा ‘इतर पण’ लावतो. जिंकण्याची अपेक्षा असते. आणि त्या बदल्यात आर्थिक व अन्य लाभ मिळतो. ‘इतर पण’ म्हणजे काय, हेही कायदा सांगतो: क्रेडिट, नाणी, टोकन, वस्तू, नाव काहीही असो, खरं असो की आभासी, पैसे देऊन थेट किंवा आडमार्गाने घेतलेलं. हे वाचताना यूसी आणि डायमंड डोळ्यांपुढे येतात, इतकं ते चपखल बसतं. म्हणजे पहिली कडी पक्की. जिंकण्याची अपेक्षा? ग्लेशिअरसाठीच तर क्रेट उघडला. दुसरी कडीही बसते. तिसऱ्या कडीवर कंपनीचा वकील उभा राहील: स्किन म्हणजे कसला लाभ, ती विकता येत नाही, खेळाबाहेर तिला मोल नाही. ‘काउंटर स्ट्राइक’च्या बाबतीत हे म्हणणं टिकणार नाही, तिथे स्किनचा उघड बाजार आहे. बीजीएमआयमध्ये कंपनी परवानगी देत नाही, तरी दुर्मीळ स्किन असलेली अख्खी खाती टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर विकली जातात, हे पोरांना विचारा. मग मोल ठरवायचं ते कंपनीच्या नियमपत्रावरून की बाजारावरून?

दुसरी पळवाट जास्त रुंद आहे. हाच कायदा ई-स्पोर्ट्‌सना प्रोत्साहन देतो आणि त्यांना मनी गेममधून वगळतो. ‘सोशल गेम’लाही वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घ्यायची मुभा आहे, फक्त ते पणासारखं नसावं. बीजीएमआय हा खेळ म्हणून पाहिला तर नेमबाजीचा, सांघिक डावपेचांचा, स्पर्धा भरणारा. कौशल्य त्यात ठासून आहे. त्याच्या पोटात असलेला क्रेट मात्र संपूर्ण नशिबाचा. मग तपासायचं काय, खेळ की क्रेट?

नेदरलँड्समध्ये नेमक्या याच प्रश्नावर सरकार हरलं. तिथल्या जुगार नियंत्रकाने ‘फिफा’ फुटबॉल खेळातल्या खेळाडूंच्या पाकिटांवरून इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीला एक कोटी युरोचा दंड ठोकला. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. कारण? पाकीट उघडणं हा वेगळा खेळ नाही, तो एका मोठ्या कौशल्याच्या खेळाचा भाग आहे. चंदीगडच्या निकालातलं कौशल्याचं जड पारडं असं दुसऱ्या बाजूने पुन्हा उतरलं. आपल्या कायद्यात एक प्राधिकरण आहे आणि एखादा खेळ मनी गेम आहे की नाही हे ते स्वतःहूनही ठरवू शकतं. पण त्याच्या निर्णयाचं एकक ‘खेळ’ हेच आहे. ‘खेळातली एक खरेदी’ असं एकक धरल्याशिवाय क्रेट हाती लागणार नाही, असं माझं मत आहे.

शेजारी बेल्जियमने २०१८ मध्ये उलट भूमिका घेतली: वस्तू विकता येते की नाही हे बघायची गरजच नाही, पैसे लावले आणि नशिबावर मिळालं की जुगार. फिफाची पाकिटं विकत घ्यायचे पॉइंट्स तिथे २०१९ च्या जानेवारीत बंद झाले. ऐकायला छान. पण लिऑन शिआओ या अभ्यासकाने तपासलं तेव्हा बेल्जियममध्ये आयफोनवर सर्वाधिक कमाई करणाऱ्या शंभर खेळांपैकी ८२ मध्ये लूट बॉक्स चालूच होते. नामवंत कंपन्या निघून गेल्या, बाकीच्यांना कुणी विचारलं नाही.

जपानने २०१२ मध्ये सरसकट बंदी न घालता एकच विशिष्ट प्रकार उचलला: ‘कोंपु गाचा’, म्हणजे नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तर मोठं बक्षीस. दहा वस्तूंचा संच, प्रत्येकीची शक्यता समान धरली, तरी सरासरी २९ खेपा लागतात, आणि त्यातल्या दहा एकट्या शेवटच्या वस्तूसाठी. लोक याच टप्प्यावर लुटले जात होते. दक्षिण कोरियाने, म्हणजे क्राफ्टनच्या मायदेशाने, २२ मार्च २०२४ पासून शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक केलं. त्यामागे ‘मेपल स्टोरी’ या खेळाचं प्रकरण होतं. नेक्सॉन कंपनीने शक्यता गुपचूप कमी केल्या होत्या, आणि लोकांना सर्वात हव्या असलेल्या काही संयोगांची शक्यता चक्क शून्य ठेवली होती. लोक पैसे भरत होते ते पेटीत नसलेल्या वस्तूसाठी. स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये १,१६० कोटी वॉनचा दंड केला. ऑस्ट्रेलियाने वयाचं मानांकन वर नेलं, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘गेन्शिन’च्या कंपनीकडून २ कोटी डॉलर घेतले आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकू नका असं बजावलं, ब्राझीलने २०२५ च्या कायद्यात मुलांच्या खेळांतल्या पेट्याच बंद केल्या.

इतक्या लांब जायची गरज आहे का, असं मला राहून राहून वाटतं. नशीब विकायचं तर कोणत्या अटींवर, हे आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेलं आहे. पंजाब सरकारच्या लॉटरीचा लोहडी बंपर, बैसाखी बंपर तिथल्या रस्त्यारस्त्यांवर विकला जातो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. या तिकिटांवर १९९८ चा लॉटरी नियमन कायदा आहे. तिकीट सरकारने छापायचं, त्यावर सरकारचं चिन्ह हवं. सोडत सरकारनेच, राज्याच्या हद्दीतच काढायची. एका लॉटरीची आठवड्याला एकाहून अधिक सोडत नाही. बंपर वर्षाला सहाहून अधिक नाहीत. एकेरी आकड्यावर बक्षीस नाही, म्हणजे मटक्याला आत शिरायला जागा नाही. न उचललेलं बक्षीस सरकारजमा. त्याआधी १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने शब्दकोड्यांच्या स्पर्धांनाही महिन्याला हजार रुपयांच्या बक्षिसाची आणि दोन हजार प्रवेशिकांची वेस घातली होती.

लॉटरीचा मी चाहता नाही. हातावर पोट असलेल्यांकडून सरकारने असा पैसा काढावा हे मला रुचत नाही. पण तिकीट हातात घेऊन पाहिलं तर बक्षिसाची रक्कम, सोडतीची तारीख, काढणारा कोण, सगळं छापलेलं. क्रेटला यातलं काहीही लागू नाही. सोडत दर सेकंदाला, रात्री तीनलाही. सोडत काढणारा आणि तिकीट विकणारा एकच, सर्व्हर त्याच्या घरात, साक्षीदार कुणी नाही. शक्यतेचा तक्ता ॲपलने २०१७ च्या अखेरीपासून आणि गूगलने २०१९ पासून सक्तीचा केला म्हणून बहुतेक खेळांत सापडतो, पण तो कंपनीनेच लिहिलेला, तपासतं कोण? लॉटरीवाल्याला आठवड्याला एक सोडत पुरते, तर खेळवाल्यालाही दिवसाला ठरावीक क्रेटची मर्यादा घालता येईल. क्रेटची किंमत यूसीत न लिहिता रुपयांत लिहायला लावता येईल. सर्व्हरवरच्या आकड्यांची वर्षातून एकदा त्रयस्थाकडून तपासणी करता येईल. अठराखालच्यांना विक्रीच नको. आणि त्यासाठी स्किन हा ‘लाभ’ आहे की नाही यावर न्यायालयात वर्षं घालवायची गरज नाही, कारण हे सगळं ग्राहक संरक्षणाखाली बसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. खोटी घाई लावणं, किंमत हळूहळू उघड करणं असे तेरा प्रकार त्यात आहेत. ‘ऑफर संपायला फक्त दोन तास’ म्हणणारा, दुसऱ्या दिवशी तीच ऑफर दाखवणारा क्रेट पहिल्याच प्रकारात मोडतो.

तोपर्यंत घरात कुणाचे पैसे असे गेले असतील तर काय करता येतं? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अठरा वर्षांखालच्याला करार करता येत नाही, त्याने केलेला करार निरर्थक ठरतो. कंपनी म्हणेल की खातं तुमचं, पिन तुमचा, म्हणजे खरेदी तुमचीच. म्हणून मुलाच्या वयाचा पुरावा आणि खेळातलं प्रोफाइल त्याचंच असल्याचा स्क्रीनशॉट आधी घ्या; रागाच्या भरात खेळ उडवून टाकला तर पुरावाही जातो. गूगल प्लेवरून झालेल्या खरेदीचा परतावा पहिल्या ४८ तासांत ॲपमधूनच मागता येतो. आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराची तक्रार १२० दिवसांपर्यंत करता येते. त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय आहे. मुलाच्या हातात फोन देण्याआधी ती चालू करायला दोन मिनिटं लागतात.

पैसे कुणी तिसऱ्यानेच, ‘स्वस्तात यूसी’ देतो सांगून उकळले असतील तर तो सायबर गुन्हा: १९३० वर फोन, जितक्या लवकर तितकं बरं. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीला खात्याचा उतारा जोडाच. त्याबरोबर क्रेटच्या कोपऱ्यातलं बारीक ‘आय’ चिन्ह दाबून उघडणारा शक्यतेचा तक्ताही जोडा, त्यावरची तारीख दिसेल असा.